टेस्ट लॅपटॉपवर हिरव्या, सीआयवर लाल : पायटेस्ट-टॉक्सची घडी कशी बसवावी?

खटपट्या

नमस्कार मंडळी,

पावत्या-बिलांवर लागणारी एक छोटी पायथन लायब्ररी लिहितोय. रक्कम दिली की 'अक्षरी रुपये चौऱ्याहत्तर हजार पाचशे फक्त' असं लिहून देते, आकड्यात लाख-कोटीच्या जागी स्वल्पविराम घालते (१२,३४,५६७) आणि तारखेवरून आर्थिक वर्ष सांगते. नाव ठेवलंय 'अक्षरी'. कोड होऊन गेला, गाडी अडलीय ती टेस्टच्या मांडणीपाशी.

रचना अशी आहे: प्रकल्पाच्या मुळाशीच अक्षरी नावाचं पॅकेज, शेजारी टेस्ट्सचं फोल्डर, त्यातही एक इनिट फाइल (हे फोल्डर पॅकेज आहे असं पायथनला सांगणारी). शब्दांची यादी पॅकेजच्या आत जेसन फाइलमध्ये. टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टच्या सेटिंग पायप्रोजेक्ट.टॉमल या प्रकल्पाच्या सेटिंग-फाइलमध्ये. टॉक्स (त्याच टेस्ट पायथनच्या अनेक आवृत्त्यांवर चालवणारं हत्यार) पायथन ३.१० ते ३.१४ वर चालवतो आणि सीआयवर, म्हणजे पुश केल्यावर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या गिटहब ॲक्शन्सवरही तेच.

लॅपटॉपवर सगळं हिरवं, बाहेर मात्र एकेक ताप. मित्राने व्हील (पॅकेजची बांधून तयार केलेली फाइल) इन्स्टॉल केली तर पहिल्याच कॉलला जेसन फाइल सापडत नाही म्हणून बोंब. टॉक्समध्ये हे का पकडलं गेलं नाही? दुसरं म्हणजे रात्री उशिरा पुश केलं की पावतीच्या तारखेची टेस्ट सीआयवर पडते, आणि सकाळी तोच जॉब पुन्हा चालवला की पास. त्यात भर म्हणजे त्याच मित्राने शब्दांची यादी तपासून नव्याने टंकून दिली, तेव्हापासून १ ते ९९ मधल्या नेमक्या ७४, ८४ आणि ९४ च्या टेस्ट पडतात. पायटेस्ट जे दोन शब्द वर-खाली दाखवतो ते डोळ्यांना हुबेहूब सारखे! शिवाय पायप्रोजेक्टमध्ये काहीही बदललं तरी पायटेस्ट ढिम्म. सीआयवरचा ३.१० चा जॉब तर सुरूच होत नाही, आवृत्ती ३.१ सापडत नाही म्हणतो.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

परसदार

शेवटचं आधी. सीआयच्या यॅमल फाइलमध्ये ३.१० अवतरणचिन्हांत लिहा. उघडं लिहिलं की यॅमल त्याला दशांश संख्या समजतं, शेवटचं शून्य गळतं आणि ३.१ उरतं. ३.९ पर्यंत कुणाचं काही बिघडत नव्हतं, ३.१० आल्यावर सगळे एकदा तरी यात आपटलेत.

आणि मेट्रिक्सच्या (आवृत्त्यांच्या यादीच्या) वर फेल-फास्ट फॉल्स करा. नाहीतर एक जॉब पडला की बाकीचे मध्येच रद्द होतात आणि नक्की कुठल्या आवृत्तीवर काय मोडलं ते कळतच नाही.

रात्रपाळी

पायप्रोजेक्टचं: मुळाशी पायटेस्ट.आयएनआय नावाची फाइल पडलीय का बघा. रिकामी असली तरी चालेल, म्हणजे चालणार नाही. पायटेस्ट वेगवेगळ्या फाइलींतल्या सेटिंग एकत्र करत नाही. त्याचा एक क्रम ठरलेला आहे, त्यात आधी सापडेल तिचं राज्य. पायटेस्ट.आयएनआय पायप्रोजेक्टच्या वर आणि ती रिकामी असली तरी त्याला बाद करते. टेस्ट सुरू होताना वर रूटडिर आणि कॉन्फिगफाइल अशी ओळ छापली जाते, ती वाचायची सवय लावा. -क्यू लावून चालवत असाल तर ती ओळ दिसत नाही.

खटपट्या

होती! कुठल्या तरी ट्युटोरियलमधून आलेली, शून्य बाइटची. काढली. आता पायप्रोजेक्टमधली सेटिंग लागू झाली आणि लगेच तीन नव्या टेस्ट पडल्या :)

परसदार, अवतरणचिन्हांनी काम झालं, धन्यवाद.

रात्रपाळी

आता जेसनकडे येऊ. हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण बाकीची बरीच घडी याच्यावर बसते.

टॉक्स तुमचं पॅकेज बांधतो, स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवतो. इथपर्यंत सगळं ठीक. पण तुमच्या टेस्ट्सच्या फोल्डरात इनिट फाइल आहे. पायटेस्टची टेस्ट इम्पोर्ट करायची मूळची पद्धत 'प्रीपेंड'. टेस्टच्या फाइलीपासून वर चढत जायचं, इनिट नसलेलं पहिलं फोल्डर लागलं की ते सिस.पाथच्या (पायथन मोड्यूल जिथे शोधतो त्या यादीच्या) डोक्यावर नेऊन बसवायचं. तुमच्याकडे असं पहिलं फोल्डर म्हणजे प्रकल्पाचं मूळ. आणि तिथेच अक्षरी पॅकेज ठाण मांडून बसलंय. त्यामुळे 'इम्पोर्ट अक्षरी' म्हटलं की साइट-पॅकेजेसमध्ये (इन्स्टॉल केलेल्या पॅकेजांच्या फोल्डरात) टॉक्सने मेहनतीने बसवलेलं पॅकेज बाजूलाच राहतं आणि समोरचा सोर्स उचलला जातो. सोर्समध्ये जेसन आहे, व्हीलमध्ये नाही. पाच आवृत्त्यांवर टेस्ट चालवल्यात खऱ्या, पण पाचही वेळा तपासलं ते तुमच्या फोल्डरमधलंच.

खात्री करायची असेल तर एखाद्या टेस्टमध्ये तात्पुरतं अक्षरी.__फाइल__ छापा. पाथमध्ये .टॉक्स आणि साइट-पॅकेजेस दिसलं पाहिजे.

उपाय: एसआरसी नावाचं फोल्डर करा आणि पॅकेज त्यात ढकला. मग मूळ फोल्डर सिस.पाथवर आलं तरी तिथे अक्षरी सापडणार नाही, इन्स्टॉल केल्याशिवाय इम्पोर्टच होणार नाही. हे केल्याबरोबर टॉक्स लाल होईल. झालं तर बरंच आहे, मित्राला जे दिसलं तेच तुम्हाला दिसायला लागलं असा त्याचा अर्थ. मग पायप्रोजेक्टमध्ये सेटअपटूल्सच्या पॅकेज-डेटा विभागात जेसनची नोंद करा. नुसती पॅकेजच्या आत ठेवली म्हणून ती आपोआप व्हीलमध्ये जात नाही. वाचताना ओपनला हाताने जोडलेला पाथ देण्यापेक्षा इम्पोर्टलिब.रिसोर्सेसमधलं फाइल्स वापरा, ते ३.९ पासून आहे.

एक पळवाट राहते ती म्हणजे एडिटेबल इन्स्टॉल. पिप इन्स्टॉल -ई रोजच्या कामाला सोयीचंच आहे, मीही तेच वापरतो. पण त्यात इम्पोर्ट सोर्समधूनच होतं, म्हणजे व्हीलमधून गळालेली फाइल तिथेही लपते. म्हणून टॉक्समध्ये 'पॅकेज = व्हील' ठेवा, एडिटेबल करू नका, कितीही वेळ वाचत असला तरी.

जुनाजाणता

एका अक्षरी रुपयासाठी केवढा हा फौजफाटा! युनिटटेस्ट पायथनबरोबर फुकट येतं, २.१ पासून आहे. पायथन -एम युनिटटेस्ट म्हणा आणि झोपा. (ह. घ्या.)

रात्रपाळी

जुनाजाणता काका, युनिटटेस्टने लिहिलेल्या टेस्ट पायटेस्टही चालवतो, तेव्हा भांडण नाही. पण मूळ फोल्डरमधून युनिटटेस्ट -एमने चालवलंत तर चालू फोल्डर सिस.पाथवर येतंच, म्हणजे जेसनचा घोळ तिथेही जसाच्या तसा. हत्यार बदलून हा प्रश्न सुटत नाही.

दुर्गभटकी

रात्री पडणाऱ्या टेस्टबद्दल. गिटहबच्या लिनक्स रनरवर घड्याळ यूटीसीवर असतं. आपण साडेपाच तास पुढे. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात आपल्याकडे नवी तारीख लागलेली असते आणि रनरवर कालचीच चालू असते. तुमच्या कोडमध्ये डेट.टुडे आहे आणि टेस्टमध्ये अपेक्षित तारीख काढताना झोनइन्फो एशिया/कोलकाता वापरलंय, बरोबर? लॅपटॉपचं घड्याळ भारतीय वेळेवर, म्हणून तिथे दोन्ही नेहमी जुळतात. सीआयवर दिवसाचे साडेअठरा तास जुळतात. तुमचं पुश नेमकं उरलेल्या वेळात.

बरेच जण टॉक्सच्या सेट_एन्व्हमध्ये टीझेड = एशिया/कोलकाता टाकून मोकळे होतात. टेस्ट हिरवी होते, पण ग्राहकाचा सर्व्हरही यूटीसीवरच असेल की! तिथे १ एप्रिलला पहाटे फाडलेल्या पावतीवर ३१ मार्च पडेल आणि आर्थिक वर्षही मागचं. जीएसटीच्या पावत्यांचे क्रमांक वर्षागणिक नव्याने सुरू करणाऱ्या दुकानदाराला हे काय महागात पडेल याची कल्पना करा. तेव्हा टेस्ट इथे खरं बोलतेय, तिला गप्प करू नका.

कोडमध्ये तारीख बाहेरून घ्या. नाही दिली तर डेटटाइम.नाऊला कोलकात्याचा टाइमझोन देऊन काढा. आणि टेस्टमध्ये टाइम-मशीन किंवा फ्रीझगन वापरून घड्याळ ३१ मार्च २०२५, यूटीसी १९:०० ला थांबवा. आपल्याकडे तेव्हा १ एप्रिलचे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. उत्तर २०२५-२६ आलं पाहिजे. याच्या जोडीला यूटीसी १८:२९ चीही एक टेस्ट घ्या, तिथे २०२४-२५ यायला हवं. या दोन टेस्ट असल्या की सीआय दिवसा चालवा नाहीतर रात्री.

विंडोजवरही चालवणार असाल तर झोनइन्फोसाठी टीझेडडेटा पॅकेज अवलंबनांत घाला, तिथे सिस्टिमचा टाइमझोन डेटाबेस मिळत नाही.

खटपट्या

दुर्गाताई, अगदी तस्संच आहे, कोडमध्ये टुडे आणि टेस्टमध्ये झोनइन्फो. एप्रिलचा विचारच डोक्यात आला नव्हता.

रात्रपाळीदादा, एसआरसीमध्ये हलवलं, टॉक्स पाचही आवृत्त्यांवर लाल झालं, पॅकेज-डेटा टाकल्यावर हिरवं. ७४-८४-९४ मात्र तसेच.

अनुस्वार

थांबा, हा माझा विषय :)

७४, ८४, ९४ म्हणजे चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव. एकाहून एक 'ऱ्या'. यादीत दुसऱ्या कुठल्याही आकड्यात ऱ नाही, म्हणून तीनच पडतात.

हा ऱ युनिकोडमध्ये निदान तीन प्रकारे येऊ शकतो. पहिला, स्वतंत्र अक्षर, यू+०९३१. दुसरा, साधा र आणि त्यापाठोपाठ नुक्ता (अक्षराखालचा टिंब), म्हणजे यू+०९३० आणि यू+०९३C, काही की-बोर्डवरून असाच उमटतो. तिसरा, र, हलन्त आणि मागे न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झिरो विड्थ जॉइनर), यू+२००D. पडद्यावर तिन्हींचा रफार-नसलेला तोच आडवा र दिसतो. पायथनला मात्र या तीन वेगळ्या स्ट्रिंग आहेत.

तुमचा कुठला आहे ते बघायला टेस्टमध्ये अपेक्षित आणि आलेला असे दोन्ही शब्द एएससीआयआय() या फंक्शनमधून छापा. झेडडब्ल्यूजे असता तर तो पायटेस्टच्या साध्या आउटपुटमध्येही रेप्रमुळे (पायथनची मूल्य छापायची पद्धत) \यू२००डी असा उघडा पडला असता, कारण ते न छापता येणारं अक्षर आहे. नुक्ता मात्र छापता येतो, त्यामुळे रेप्र तो तसाच दाखवतो आणि फरक डोळ्याला दिसत नाही. शब्द हुबेहूब सारखे दिसतात असं तुम्ही म्हणताय, तेव्हा माझी पैज नुक्त्यावर.

नुक्तावाला असेल तर युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ एनएफसीने सुटेल, र अधिक नुक्ता मिळून यू+०९३१ होतो. झेडडब्ल्यूजेवाला एनएफसीने सुटत नाही, तो हाताने बदलावा लागतो. मी तरी यादी लोड करतानाच दोन्ही उरकून घेते. आणि एक वेगळी टेस्ट ठेवते: जेसनमधला प्रत्येक शब्द नॉर्मलाइझ केल्यावर जसाच्या तसा राहिला पाहिजे, कुठल्याही शब्दात यू+२००D असता कामा नये. उद्या आणखी कुणी यादी टंकून दिली तर तिथेच अडेल.

अवांतर: पॅरामेट्राइझ केलेल्या (एकच टेस्ट अनेक मूल्यांवर चालवणाऱ्या) टेस्टच्या नावात देवनागरी शब्द आला की पायटेस्ट त्याचे \यू०९१ए छाप तुकडे करतो. ते बंद करायची सेटिंग आहे, तिच्या नावातच 'सामुदायिक मदतीवरचे सगळे हक्क सोडले' असं लिहिलेलं आहे, थट्टा नाही. त्या भानगडीत पडूच नका. पायटेस्ट.परॅमला आयडी म्हणून आकडाच द्या. टेस्टचं नाव '७४' असलं की पुरे, आणि -के लावून निवडायलाही सोपं.

खटपट्या

पैज जिंकलात. नुक्ताच निघाला. मित्राला अजून पटत नाहीये की त्याने काही वेगळं टंकलं.

पाटीवाला

कव्हरेजचं (टेस्टमध्ये कोडच्या किती ओळी चालल्या त्या मापाचं) कुणीच बोललं नाही. आमच्याकडे नियम आहे, फेल_अंडर १००, एक ओळ सुटली तरी मर्ज नाही. शिस्त लागते.

अनुस्वार

पाटीवाले, याच लायब्ररीत बघा ना. १ ते ९९ चं काम म्हणजे यादीत आकडा शोधून शब्द परत देणं, कोडची एक ओळ. १ ची एकच टेस्ट लिहिली तरी त्या ओळीचं कव्हरेज शंभर टक्के. ७४ चुकलाय की ५९ च्या जागी ६९ चिकटवलाय, कव्हरेजला पत्ताही नाही. ते ओळी मोजतं, यादीतले शब्द मोजत नाही.

इथे उपयोगी पडतील अशा टेस्ट वेगळ्याच. एक म्हणजे ९९ शब्दांचा सेट केला तर तो ९९ चाच भरला पाहिजे, एकोणसाठ-एकोणसत्तरची नक्कल-डकव तिथे सापडते. स्वल्पविरामांसाठी हायपॉथेसिस (स्वतःच उदाहरणं बनवून टेस्ट करणारी लायब्ररी) लावा: कुठलाही पूर्णांक घ्या, स्वल्पविराम घाला, काढा, तोच पूर्णांक परत आला पाहिजे, आणि स्वल्पविराम असतील तेव्हा शेवटचा गट तीन अंकी, त्याआधीचे दोन अंकी (सगळ्यांत पहिला एक अंकीही चालेल). ऋण संख्या आणि शून्य ते स्वतःहून समोर आणून ठेवतं. फक्त त्याची प्रत्येक उदाहरणामागे २०० मिलिसेकंदांची मुदत असते, जुन्या आवृत्त्यांत सीआयच्या मंद मशीनवर त्यावरून उगाच लाल व्हायचं. नव्या आवृत्त्या सीआय ओळखून ती स्वतःच काढतात; जुनी असेल तर सीआयसाठी वेगळं प्रोफाइल करून मुदत काढून टाका.

पाटीवाला

यादीच्या बाबतीत मान्य. पण ब्रांच कव्हरेज (कोडची प्रत्येक फांदी चालली का ते बघणारं) सुरू केलं तर तपासायचा सुटलेला एल्स तरी दिसतो.

रात्रपाळी

ब्रांच सुरू ठेवाच, त्याबद्दल वाद नाही. पण एसआरसी आणि टॉक्स एकत्र आले की कव्हरेजच्या अहवालात पाथ बदलतात. मोजलेल्या फाइली .टॉक्सच्या पोटात साइट-पॅकेजेसमध्ये असतात, एन्व्हायर्नमेंटगणिक वेगळ्या. म्हणून सोर्समध्ये फोल्डर न देता पॅकेजचं नाव द्या, पॅरलल ट्रू करा, आणि पाथ्सच्या विभागात 'एसआरसी' आणि '*/साइट-पॅकेजेस' एकाच यादीत लिहा. मग शेवटी कव्हरेज कंबाइन पाचही आवृत्त्यांची मापं एकाच फाइलीवर आणून ठेवतं. हे केलं नाही तर एकाच फाइलीच्या पाच ओळी अहवालात येतात किंवा शून्य टक्के दिसतं, आणि लोक पायटेस्ट-कोव्हला (पायटेस्टचं कव्हरेज प्लगइन) शिव्या घालतात.

पायटेस्टच्या ॲडऑप्ट्समध्ये (दर वेळी आपोआप लागणाऱ्या पर्यायांत) मी -आरए, --स्ट्रिक्ट-मार्कर्स आणि --स्ट्रिक्ट-कॉन्फिग एवढंच ठेवतो. मार्करचं (टेस्टला लावायच्या खुणेचं) स्पेलिंग चुकलं तर नुसत्या सूचनेवर भागत नाही, टेस्टच थांबते. सेटिंगचं नाव चुकलं तरी तसंच. एक्सफेल_स्ट्रिक्ट ट्रू, म्हणजे पडणार अशी खूण केलेली टेस्ट पास झाली तरी लाल. आणि फिल्टरवॉर्निंग्जमध्ये एरर, म्हणजे ३.१२ मध्ये जुनं ठरवलेलं यूटीसीनाऊ कोडमध्ये कुठे शिल्लक असेल तर आजच कळेल. एक्सडिस्ट (टेस्ट अनेक वर्करवर एकाच वेळी चालवणारं प्लगइन) तुम्हाला लागणार नाही. सगळ्या टेस्ट मिळून वर्कर उठून उभे राहण्याआधीच संपतील. कव्हरेज ॲडऑप्ट्समध्ये घालू नका, डीबगर लावून एकच टेस्ट चालवताना ते पायात येतं.

जुनाजाणता

टॉक्सऐवजी नॉक्स बघा म्हणतो, सगळं पायथनमध्येच लिहायचं, आयएनआयची वेगळी भाषा शिकायला नको. जुनं नको म्हणता तर हे घ्या नवं.

रात्रपाळी

नॉक्स चांगलंच आहे काका. पण यांचं टॉक्स बसलंय, पाच ओळींचं आहे, उगाच कशाला उपटायचं? टॉक्स ४ साठी लिहिलेलंच उदाहरण वाचा एवढं सांभाळा. इंटरनेटवर अजून ३ च्या काळातली व्हाइटलिस्ट_एक्स्टर्नल्स फिरताहेत, ४ मध्ये ते अलाउलिस्ट_एक्स्टर्नल्स आहे.

खटपट्या

एवढं सगळं बसवलं. आता मेट्रिक्समध्ये विंडोज घातलं आणि नवीनच तमाशा. जेसन वाचताना 'कॅरमॅप कोडेकला बाइट ०एक्स८डी डीकोड करता येत नाही'. गंमत म्हणजे यादीची छोटी चाचणी फाइल, ज्यात फक्त दोन, तीन, चार होते, ती वाचली गेली, पण शब्द कचरा.

अनुस्वार

ओपनला एन्कोडिंग दिलेलं नाही ना? विंडोजवर न दिल्यास सिस्टिमचं कोडपेज (बाइट-अक्षरांचा तक्ता) घेतलं जातं, बहुतेक करून १२५२. त्यात ८१, ८डी, ८एफ, ९०, ९डी हे बाइट रिकामे आहेत. आता हलन्त म्हणजे यू+०९४D, यूटीएफ-८ मध्ये तो ई०, ए५, ८डी असा लिहिला जातो. जिथे जोडाक्षर, तिथे ८डी, तिथे स्फोट. दोन, तीन, चार यांत जोडाक्षर नाही, म्हणून स्फोट नाही, नुसता कचरा. 'एक' घातला असतात तरी पडलं असतं, ए चा शेवटचा बाइट ८एफ आहे. मला कचऱ्यापेक्षा स्फोट परवडतो.

ओपन असो की रीड_टेक्स्ट, सगळीकडे एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहा. पायथन ३.१५ पासून तोच डीफॉल्ट व्हायचा आहे, पण तुम्ही ३.१० ला आधार देताय.

परसदार

हे विंडोजची वाट न बघता लिनक्सवरच पकडता येतं. टॉक्सच्या सेट_एन्व्हमध्ये पायथनवॉर्नडीफॉल्टएन्कोडिंग = १ टाका. ३.१० पासून आहे. एन्कोडिंग न देता ओपन केलं की एन्कोडिंगवॉर्निंग येते, आणि रात्रपाळींनी सांगितलेला एरर फिल्टर असल्यामुळे टेस्ट पडते.

खटपट्या

टाकलं. माझी एक जागा सापडली, पण आता दुसऱ्याच एका लायब्ररीच्या आतल्या ओपनवरूनही टेस्ट पडायला लागल्या. सगळा एररच काढू का?

परसदार

नको. फिल्टरवॉर्निंग्जच्या यादीत एकाच वॉर्निंगला एकाहून जास्त ओळी जुळल्या तर शेवटची लागू होते. म्हणून सगळ्यात वर 'एरर' आणि त्याखाली त्या लायब्ररीच्या मोड्यूलचं नाव घालून 'इग्नोर, एन्कोडिंगवॉर्निंग' अशी एक ओळ. उलटा क्रम लावलात तर इग्नोर वाया जाईल. आणि त्या ओळीशेजारी लायब्ररीची आवृत्ती टिपून ठेवा, त्यांनी दुरुस्त केलं की ओळ काढता येईल.